बँकेतले हेलपाटे आणि घरातली बटणं

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ४९, खाजगी कंपनीत नोकरी, घरी बायको आणि बारावीतला मुलगा. आई गेल्यावर यंदा जानेवारीत ७८ वर्षांचे वडील गावाहून यांच्याकडे राहायला आले. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले शिक्षक. हे राहतं घर त्यांनीच रिटायरमेंटच्या पैशातून घेतलेलं, त्यामुळे लाईटचं मीटर त्यांच्या नावावर आणि बिलही त्यांच्याच पेन्शन खात्यातून आपोआप कटतं. ते खातं तालुक्याच्या गावी, ४० किलोमीटरवर. बँकेने केवायसी राहिलं म्हणून खातं अडवलं. आधारवर नावाच्या स्पेलिंगमधे शेवटी एक 'ए' जास्त आहे आणि वडिलांचा हात थरथरतो म्हणून सही जुळत नाही. पाच वेळा अर्धी रजा टाकून खेटे घातले, काम झालं नाही. दरम्यान बिलाचं पेमेंट परत गेलं, बँकेने वर २९५ रुपये कापले. त्यात मे महिन्याचं बिल आलं पावणेचार हजारांच्या वर. आता घरात रोज लाईट-पंख्यावरून भांडण. मुलाने बाथरूमचा बल्ब चालू ठेवला म्हणून तीन दिवस अबोला झाला. घरचे यांना 'वायरमन' म्हणतात. ते लिहितात, "रात्री वडिलांकडून सहीची प्रॅक्टिस करून घेतो, तरी जमत नाही. आणि हल्ली मी यायच्या वेळेला ते खोलीत अंधारात बसलेले असतात. बँक बदलू का? मेव्हणा म्हणतो सोलर बसव. आणि घरच्यांना शिस्त कशी लावू?"

दादा, तुमचं पत्र वाचलं आणि सगळ्यात आधी माझं बोट थांबलं ते त्या अंधाराच्या वाक्यावर. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, बँकेबद्दल दोन पानं आणि याबद्दल एक ओळ. वडील अंधारात का बसतात असं तुम्हाला वाटतं? मला तरी एकच कारण दिसतंय, तुम्ही दारातून आत येताना पहिली नजर बटणांकडे टाकता हे त्यांना माहिती झालंय. ज्या माणसाने घर घेतलं आणि अजूनही "बिल माझ्याच खात्यातून जाईल" म्हणून हट्ट धरतो, तो त्याच घरात बल्ब लावायला बिचकतो. हे आधी थांबवा, बाकीचं सगळं सुटण्यासारखं आहे.

आता तो बल्ब. चला हिशोबच करू, कारण तुम्ही बिलाची रक्कम लिहिलीत, युनिटचे आकडे दिलेत आणि तरी भांडलात मात्र बल्बवरून. बाथरूममधला एलईडी ९ वॅटचा असणार. तो रोज पाच तास विसरून चालू राहिला असं धरा, म्हणजे रोजचे ४५ वॅट-तास, महिन्याचे झाले १.३५ युनिट (हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट). तुमच्या स्लॅबमधे सगळे आकार धरून पंधरा-वीस रुपये. आणि ते पण पोरगा महिनाभर रोज विसरला तर. पंधरा-वीस रुपयांसाठी बारावीतल्या मुलाशी तीन दिवस अबोला, हे जरा महाग पडलं नाही का?

तुमचं म्हणणं, लाईट चालू राहतात म्हणून बिल वाढलं. हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलंय कारण आपण लहान असताना ६०-१०० वॅटचे पिवळे बल्ब होते, त्या काळात वडील "लाईट घालवा" म्हणून ओरडायचे ते बरोबरच होतं. आता लाईट ही घरातली सगळ्यात किरकोळ गोष्ट झालीये, पण ती दिसते. फ्रीज दिसत नाही. पंखा फिरताना दिसतो पण तो इतका खातो असं वाटत नाही.

तुम्ही दिलेलेच आकडे घेते. मागच्या मे मधे २४२ युनिट, यंदा ३१६. फरक ७४ युनिटचा. घरात या एका वर्षात नवीन काय आलं? एसी नाही, म्हणताय. गिझर मे महिन्यात कोण लावतं. नवीन आलेत ते वडील, आणि त्यांच्या खोलीतला पंखा, जो बहुतेक दिवसरात्र चालू असणार, दुपारी तर असणारच. जुना साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो. २४ तास चालला तर दिवसाला १.८ युनिट, महिन्याला ५४. झाला की तुमच्या ७४ पैकी बहुतेक हिशोब! म्हणजे बिल वाढलंय ते कोणाच्या निष्काळजीपणामुळे नाही, घरात एक म्हातारा माणूस राहायला आलाय म्हणून वाढलंय. आणि आता कृपा करून हे वाचून त्यांच्या पंख्यामागे लागू नका. ७८ वर्षांच्या माणसाने मे महिन्यात पंखा लावणं ही उधळपट्टी नाहीये.

पंखा बदला. बीएलडीसी म्हणून येतात, फुल स्पीडला साधारण ३० वॅट घेतात, किंमत अडीच ते साडेतीन हजार. तोच २४ तासांचा हिशोब केला तर महिन्याला ५४ च्या ऐवजी २२ युनिट. ३२ युनिट वाचले म्हणजे तुमच्या दराने महिन्याला चारशेच्या आसपास, वापर असाच राहिला तर वर्षाच्या आत पैसे फिटतात. फक्त वडिलांच्याच खोलीत बसवा आधी, सगळ्या घरात एकदम नको. जो पंखा दिवसाला दोन तास फिरतो तो बदलून काही हाती लागत नाही. आणि इलेक्ट्रिशियनला सांगा की जुना रेग्युलेटर मधून काढून टाक, बीएलडीसी पंखा त्याच्यावर चालवायचा नसतो, त्याला रिमोट येतो. रिमोटचा अजून एक फायदा, वडिलांना रात्री उठून भिंतीपर्यंत जावं लागत नाही.

दुसरा संशय मला तुमच्या फ्रीजवर आहे, १७ वर्षांचा आहे म्हणालात. दाराच्या रबरात दहाची नोट अडकवून दार लावा आणि नोट ओढा, सहज सुटून आली तर रबर गेलंय, थंडी बाहेर पडतीये आणि कॉम्प्रेसर बिचारा दिवसभर पळतोय. आमच्या घरी नोट नुसती सुटली नाही, ती आपोआप खाली पडली होती! रबर बदललं की काम होतं, लगेच नवा फ्रीज घ्यायलाच पाहिजे असं नाही. मागची जाळी भिंतीला चिकटलेली असेल तर फ्रीज थोडा पुढे ओढा, आणि धूळ पुसायला हात घालण्याआधी प्लग काढा.

पण माझं ऐकून पण काही बदलू नका, आधी मोजा. मीटर रोज सकाळी एकाच वेळेला वाचायचं आणि वहीत लिहायचं. एक रात्र झोपताना पण रीडिंग घ्या आणि उठल्यावर परत, म्हणजे सगळे झोपलेले असताना फ्रीज आणि पंखे मिळून किती खातात ते कळेल. एकदा मेन स्विच पूर्ण बंद करून मीटरवरचा तो छोटा लाल दिवा बघा, लोड नसताना तो लुकलुकायला नको, लुकलुकत असेल तर मीटरची तक्रार करा. मेन चालू, पण घरातलं सगळं बंद आणि प्लग काढलेले असताना लुकलुकला तर वायरिंगमधे कुठेतरी गळती आहे, मग वायरमनच बोलवा, म्हणजे खरा वायरमन. बिलावर मीटरचा फोटो असेल तर तो आणि छापलेलं रीडिंग जुळतंय का हेही बघा, कधी कधी सरासरीने बिल आलेलं असतं आणि आपण घरात उगाच चोर शोधत बसतो. उन्हाळ्यात अजून एक गोंधळ होतो, सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं, लोक ते वापराचं समजून घाबरतात. ती ठेव असते, तिच्यावर व्याज मिळतं.

आणि ३०० च्या वर गेलो म्हणजे सगळंच बिल महाग दराने लागलं असं जे तुम्ही लिहिलंय ते तसं नाहीये. पहिले १०० युनिट पहिल्या दराने, १०१ ते ३०० दुसऱ्या, आणि वरच्या फक्त १६ युनिटना तिसरा दर. त्या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क मात्र चढतं, आणि वहन आकार, म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोचवण्याचा खर्च, हा प्रत्येक युनिटमागे असतो. म्हणून रुपये बघून काही समजत नाही, दर बदलतात, इंधन समायोजन आकार कमीजास्त होतो. युनिट बघायचे.

ही वही कोणी लिहायची ते मी तुम्हाला नंतर सांगते, आधी बँक.

तुम्ही लिहिलंय की "ते लोक मुद्दाम छळतात". असतीलही काही. पण मला वाटतं तुमच्या त्या शाखेत तीन माणसं आहेत, त्यातला एक रजेवर, एक कॅशला, आणि जो तुमच्याशी बोलतो त्याच्या स्क्रीनवर एक चौकट लाल होते, ती का लाल झाली हे त्यालाही नीट माहिती नसतं, मग तो म्हणतो "आज नाही होणार, सोमवारी या". तुम्ही सोमवारी जाता. पाचही वेळा तुम्ही तोंडी विचारलं, तोंडी उत्तर मिळालं, आणि सहाव्या वेळेला गेलात तर तुमच्याकडे दाखवायला एकही कागद नाही. काउंटरवरचं वाक्य म्हणजे नियम नसतो हो. नियम असेल तर तो लिहून देता येतो.

म्हणून आता अर्ज. साध्या कागदावर, दोन प्रतीत, मराठीत लिहिला तरी चालतो. काय मागितलं होतं, कुठल्या कुठल्या तारखेला आलो होतो, काय सांगितलं गेलं. शेवटी एवढंच, की काम होत नसेल तर कारण लेखी द्यावं. एक प्रत त्यांना, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही, म्हणजे पोच. पोच द्यायला कां कूं करतील, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि बँकेच्या तक्रारीच्या ईमेलवर टाका. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करता येते, फुकट असते, वकील लागत नाही. पण ते तीस दिवस तुमच्या पोचेपासून मोजतात, तुमच्या पाच खेट्यांपासून नाही.

अर्जात दोन गोष्टी नक्की लिहा. एक, केवायसीच्या माहितीत काहीच बदल नसेल तर नुसतं स्वतःचं घोषणापत्र पुरतं, हे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२३ मधे स्पष्ट केलंय. तुमच्या बाबतीत पत्ता बदलला असेल तर नव्या पत्त्याचं घोषणापत्र द्यायचं, तो तपासायचं काम त्यांचं. दोन, जून २०२५ मधे रिझर्व्ह बँकेनेच सांगितलंय की कमी जोखमीच्या वैयक्तिक खातेदारांचे व्यवहार केवायसीची तारीख उलटली तरी चालू ठेवायचे, तारीख उलटल्यापासून एक वर्षाची मुदत आहे. एका रिटायर शिक्षकाचं पेन्शन खातं कमी जोखमीचं नसेल तर कोणाचं असणार! तेव्हा नम्रपणे विचारा, खातं कुठल्या जोखमीच्या वर्गात आहे आणि कशाच्या आधारे अडवलं. हा प्रश्न कागदावर आला की तो काउंटरवरून उठून आतल्या केबिनमधे जातो, असा माझा अनुभव आहे.

स्पेलिंगचं म्हणाल तर आधी घरी बसून ठरवा की कुठलं स्पेलिंग खरं धरायचं. मी पेन्शनच्या ऑर्डरवरचं धरीन, कारण ते बदलणं सगळ्यात अवघड. मग आधार त्याप्रमाणे करून घ्या, पण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे फॉर्मवरचं एकेक अक्षर स्वतः वाचा, केंद्रावरच्या पोरावर सोडू नका.

आता सही. इथे मला तुमच्याशी जरा स्पष्ट बोलायचंय. ज्या गुरुजींनी आयुष्यभर पोरांचं अक्षर सुधारलं, पुस्त्या काढून घेतल्या, त्यांच्याकडून तुम्ही रात्री कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सही गिरवून घेताय. तुमचा हेतू चांगलाच आहे, पण त्यांना काय वाटत असेल याचा विचार करा. थरथर सरावाने जात नाही. आणि डॉक्टरांना दाखवलंय का त्या हाताचं? पत्रात कुठे उल्लेख नाही, सही जुळत नाही म्हणून तुम्ही पाच वेळा बँकेत गेलात, एकदा डॉक्टरकडे पण जा.

बदलायची आहे ती बँकेतली जुनी सही. नमुना सही बदलण्याचा फॉर्म असतो, वडिलांना आज जमते तशी, आखूड, नुसतं आडनाव जमत असेल तर तेवढंच, अशी नवी सही अधिकाऱ्यासमोर करून द्यायची. थरथरीचं डॉक्टरांचं पत्र सोबत जोडा. हे सगळ्यात सोपं आणि त्यांना मानाचं.

अंगठ्याची पण सोय आहे. आजारी किंवा वृद्ध खातेदाराला सही जमत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी लागतो. माझ्या सासूबाईंच्या वेळी आम्ही हेच केलं. त्या रिक्षातून उतरू शकत नव्हत्या, मॅनेजर बाहेर आले, पण शाईचं पॅड वाळलेलं, शिपायाने त्यावर ग्लासातलं पाणी ओतलं, अंगठा इतका फिकट उठला की परत घ्यावा लागला, आणि मग सासूबाई घरी येईपर्यंत तो निळा अंगठा पदरात लपवून बसल्या होत्या. तुमच्या वडिलांच्या पिढीच्या शिक्षकांनी साक्षरतेच्या वर्गात गावोगाव लोकांना अंगठा सोडून सही करायला शिकवलंय, कदाचित त्यांनीही शिकवलं असेल. म्हणून अंगठा हा पर्याय शेवटी ठेवा, आणि ठेवायचा की नाही ते त्यांना विचारून.

दरवेळी त्यांना ४० किलोमीटर न्यायची पण गरज नसावी. तुमच्या शहरात त्याच बँकेची शाखा असेल तिथे विचारा. सत्तरीच्या वरच्या खातेदारांना घरपोच सेवा द्यावी, केवायसीचे कागद आणि हयातीचा दाखला घरून घ्यावा असं रिझर्व्ह बँकेने २०१७ पासून बँकांना सांगितलंय. सगळीकडे मिळते असं नाही, पण अर्जात मागायला काय जातं. हयातीचा दाखला तर आता मोबाईलवर चेहरा दाखवून पण होतो, नोव्हेंबरमधे रांगेत उभं करू नका त्यांना. आणि खातं सुरळीत झालं की वारस नोंद बघून घ्या, आई गेल्यावर नॉमिनी बदललाय का? नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावं देता येतात. हे बरीच मंडळी विसरतात आणि मग पुढे मुलांना हेलपाटे पडतात.

बँक बदलू का, विचारलंत. आत्ता नको. पेन्शनचं खातं हलवायचं तर जिल्हा परिषदेपर्यंत कागद फिरणार, आणि नव्या बँकेत पहिल्याच दिवशी तोच जादा 'ए' तुमची वाट बघत असणार. आधी कागद एका नावाचे करा, मग राग शिल्लक असेल तर खुशाल बदला.

सोलरचं पण तेच. मेव्हणे चुकीचं सांगत नाहीयेत, पंतप्रधान सूर्यघर योजनेत २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे, गच्ची तुमची स्वतःची आहे, विचार करायला हरकत नाही. पण मीटर वडिलांच्या नावावर म्हणजे अर्ज त्यांच्या नावाने, सबसिडी त्यांच्या खात्यात, म्हणजे परत तीच सही आणि तेच स्पेलिंग. शिवाय पंखा आणि फ्रीजचं रबर बदलून तुमचा वापर अडीचशेच्या खाली आला तर कदाचित लहान सिस्टीम पुरेल. १ किलोवॅटला दिवसाला साधारण ४ युनिट धरतात. दिवाळीनंतर बघा, तोपर्यंत वहीत आकडे जमलेले असतील.

तोपर्यंत बिलाचं काय? ऑनलाईन तुम्ही भरून टाका, आजच, उशिरा भरलं की १.२५ टक्के दंड चढतो, आणि लवकर भरलं तर सूट मिळते. लाईट तोडतील ही भीती काढून टाका, त्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, वीज कायद्यातच आहे. वडिलांना मात्र न सांगता भरू नका. "खातं सुरू होईपर्यंत मी भरतोय, मग तुमच्याकडून घेईन" असं सांगा आणि खरंच घ्या. २९५ रुपये परत मागायची ओळ अर्जात टाका, मिळतील का सांगता येत नाही पण मागायचे.

आणि ती वही. ती गुरुजींकडे द्या. रोज सकाळी मीटर वाचून तारीख आणि आकडा, थरथरत्या हाताने मोठ्या अक्षरात लिहिला तरी चालेल, ती वही बँकेत दाखवायची नाहीये. मीटर उंचावर असेल तर नातवाने वाचून सांगायचं आणि आजोबांनी लिहायचं, बारावीचं पोरगं असलं तरी एक मिनिट निघतं. वजाबाकी त्यांना करू द्या. पंखा बदलला, रबर बदललं, पाहुणे आले, अशी प्रत्येक गोष्ट त्या दिवसापुढे लिहायची. तुम्ही फक्त रविवारी बघायचं, आणि बघताना कोणाला काही बोलायचं नाही. शिस्त कशी लावू म्हणालात ना, तुमच्या घरात शिस्त लावण्यात ज्यांची उभी हयात गेली असा माणूस आतल्या खोलीत बसलाय.

आज घरी गेल्यावर त्यांच्या खोलीतला दिवा तुम्ही स्वतः लावा, आणि तिथेच दहा मिनिटं बसा, सहीचा कागद न घेता. मुलाशी पण बोला.

जूनचं बिल आलं की मला कळवा. युनिट लिहा, रुपये नकोत.